शेतातल्या फोर-जी मॉडेमची वीज कशी वाचवायची: ड्रायव्हरच्या सस्पेंड सेटिंग्ज

रावेर-यावलच्या केळीबागेत ठिबकचा कंट्रोलर, हवामानाची पेटी किंवा विहिरीच्या मोटारीवर लक्ष ठेवणारा लिनक्स बोर्ड बसवला की बोर्डाच्या खालोखाल वीज खातो तो मॉडेम. दिवसभरात तो पाठवतो चार-दोन केबी, पण जागा राहतो चोवीस तास. कृषी फीडरची वीज पाळीपाळीने येते, त्यामुळे पेटी चालते ती सोलर पॅनेल आणि बॅटरीवर. श्रावणात चार दिवस ऊन पडले नाही की पेटी बंद पडते. मग सगळे पॅनेलला दोष देतात, वाया जाणारी वीज मात्र मॉडेमची असते. काम नसताना त्याला झोपवणे, म्हणजेच सस्पेंड करणे, हा त्यावरचा उपाय.

हिशोब करून पाहू. समजा मॉडेम रिकामा बसलेला असताना 5 व्होल्टवर 120 मिलिअँपिअर घेतो. म्हणजे 0.6 वॅट, दिवसाला 14.4 वॅट-अवर. व्होल्टेज उतरवणारा कन्व्हर्टर 85 टक्के कार्यक्षम धरला तर 12 व्होल्टच्या बॅटरीतून रोज सुमारे 1.4 अँपिअर-अवर जातात. 7 अँपिअर-अवरची लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवायची नाही, म्हणजे हातात राहिले साडेतीन. नुसता मॉडेमच ते अडीच दिवसांत संपवतो. तोच मॉडेम झोपून 20 मिलिअँपिअरवर आला तर रोजचा खर्च पाव अँपिअर-अवरच्याही आत येतो आणि तेच साडेतीन चौदा दिवस पुरतात. हे आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्या मॉडेमचे मोजूनच घ्या.

खाली आज्ञा, फाइलींची नावे आणि पाथ उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. टर्मिनलवर ते नेहमीच्या लॅटिन अक्षरांत टाइप करा. रूट म्हणून लॉगिन असल्याचे गृहीत धरले आहे.

मोजायचे कसे

यूएसबी पोर्टात मध्ये बसणारे स्वस्त मीटर सुरुवातीला चालते, पण झोपेतला प्रवाह ते नीट दाखवत नाही. मल्टिमीटर मिलिअँपिअर रेंजवर सिरीजमध्ये लावायचा मोह होतो, तो टाळा. मॉडेम नेटवर्कशी बोलताना प्रवाह क्षणात चढतो, टू-जीवर तर 2 अँपिअरपर्यंतचे झटके येतात. मीटरच्या आतल्या रोधावर व्होल्टेज पडते, मॉडेम रिसेट होतो आणि तुम्ही ड्रायव्हरमधली चूक शोधत बसता. आयएनए219 या प्रवाह मोजणाऱ्या चिपचे मॉड्यूल 0.1 ओहमच्या शंटसह (मोजणीचा छोटा रोध) लावा. 3.2 अँपिअरपर्यंत मोजते, एक मिलिअँपिअरच्या आतला फरक दाखवते, आणि बोर्डावरूनच आय-टू-सी या दोन तारांच्या जोडणीने वाचून नोंद ठेवता येते.

काही बदलण्याआधी एक तासाची नोंद घ्या. ती नसेल तर नंतर काय वाचले ते सांगता येणार नाही.

कोणता ड्रायव्हर बसला आहे

‘एलएसयूएसबी -टी’ चालवा. एकाच मॉडेमच्या पाच-सहा इंटरफेस (वेगवेगळ्या कामांच्या जोडण्या) दिसतील आणि प्रत्येकीपुढे ड्रायव्हरचे नाव असेल. क्वेक्टेल कंपनीच्या ईसी25 मॉडेमवर साधारण चार इंटरफेसना ‘ऑप्शन’ आणि पाचवीला ‘क्यूएमआय_डब्ल्यूवॅन’ दिसतो. चारपैकी टीटीवाययूएसबी0 हे डायग्नोस्टिकचे पोर्ट, 1 जीपीएसचे, 2 एटी आज्ञांचे (मॉडेमला द्यायच्या मजकुरी आज्ञा) आणि 3 मॉडेमचे.

हे पाहायचे कारण असे, की यूएसबीवर झोपतो तो अख्खा डिव्हाइस, एकेक इंटरफेस नाही. बसलेल्या सगळ्या ड्रायव्हरांनी होकार दिला तरच पोर्ट सस्पेंड होते. ऑप्शन, क्यूएमआय_डब्ल्यूवॅन, सीडीसी_एमबीआयएम, सीडीसी_ईथर, सीडीसी_एसीएम हे सगळे होकार देणारे. आरएनडीआयएस_होस्ट देत नाही. म्हणून मॉडेम आरएनडीआयएस मोडमध्ये (यूएसबीवरून नेट देण्याच्या पद्धतींपैकी एक) असेल तर पुढचे काहीही करा, तो जागाच राहील. ईसी25 वर ‘एटी+क्यूसीएफजी="यूएसबीनेट"’ विचारा. उत्तर 3 आले तर आरएनडीआयएस. 0 केले की क्यूएमआय, 2 केले की एमबीआयएम. बदलल्यावर मॉडेम रिसेट करावा लागतो. एखाद्या इंटरफेसबद्दल शंका असेल तर तिच्या फोल्डरमधली ‘सपोर्ट्स_ऑटोसस्पेंड’ ही फाइल वाचा, 1 म्हणजे चालते. ज्या इंटरफेसला ड्रायव्हरच बसलेला नाही ती झोपेच्या आड येत नाही.

सिमकार्ड घालायचे जे वाय-फाय डोंगल बाजारात मिळतात, त्यांच्या नादी शेतातल्या पेटीसाठी लागू नका. तो आतून स्वतंत्र राउटर असतो. यूएसबीची बाजू झोपली तरी त्याचा वाय-फाय रेडिओ चालू राहतो, आणि तो बंद करायचा पर्याय प्रत्येकात असेलच असे नाही.

यूएसबीचे ऑटोसस्पेंड चालू करणे

आधी कर्नलनेच मनाई केली आहे का ते पाहा. ‘/सिस/मॉड्यूल/यूएसबीकोर/पॅरामीटर्स/ऑटोसस्पेंड’ या फाइलमध्ये 2 असेल तर ठीक, तो सेकंदांतला मूळ आकडा आहे. -1 असेल तर कोणीतरी बूटच्या ओळीत ते बंद केले आहे, ‘यूएसबीकोर.ऑटोसस्पेंड=-1’ शोधून काढून टाका.

आता मॉडेमचे फोल्डर गाठा: ‘/सिस/बस/यूएसबी/डिव्हायसेस/1-1.2’ असे काहीतरी. आकडे तुमच्या पोर्टप्रमाणे बदलतील. ‘आयडीव्हेंडर’ फाइल वाचून खात्री करा. क्वेक्टेलचा 2सी7सी, हुआवेचा 12डी1, सिमकॉमचा 1ई0ई. त्यातल्या ‘पॉवर’ फोल्डरमध्ये दोन फाइली बदलायच्या. ‘ऑटोसस्पेंड_डिले_एमएस’ मध्ये 5000 लिहा, ‘कंट्रोल’ मध्ये ‘ऑटो’. मुळात कंट्रोलमध्ये ‘ऑन’ असते, कारण हब सोडले तर बहुतेक डिव्हाइसना कर्नल आपणहून झोपवत नाही. ‘पॉवर’ फोल्डरमध्ये कंट्रोल फाइलच नसेल, तर त्या राउटरचे किंवा बोर्डाचे कर्नल पॉवर मॅनेजमेंटशिवाय बांधलेले आहे. तिथे हा मार्ग बंद, थेट वीज तोडण्याच्या भागाकडे जा.

डिले 5 सेकंद का? 2 सेकंद ठेवले तर मॉडेम एका संदेशातच तीन वेळा झोपतो-उठतो. उठवताना होस्टला (म्हणजे बोर्डाला) किमान 20 मिलिसेकंद रिझ्यूमचा सिग्नल द्यावा लागतो, वर सावरायला 10 मिलिसेकंद. वेळ फार जात नाही, पण काही मॉडेमचे फर्मवेअर या धरसोडीत अडकते. 30 सेकंद ठेवले तर बचत कमी होते. 5 ते 10 च्या दरम्यान राहा.

हे बदल पोर्ट काढून लावले किंवा बोर्ड पुन्हा चालू झाला की पुसले जातात. कायमचे करायला, यूदेव या डिव्हाइस जोडताच नियम लावणाऱ्या सेवेच्या ‘/ईटीसी/यूदेव/रुल्स.डी’ फोल्डरमध्ये 70 ने सुरू होणारी एक फाइल करा आणि एका ओळीचा नियम लिहा: ॲक्शन ‘ॲड’, सबसिस्टिम ‘यूएसबी’, आयडीव्हेंडर ‘2सी7सी’, आयडीप्रॉडक्ट ‘0125’ जुळले की पॉवर/कंट्रोलमध्ये ‘ऑटो’ आणि डिलेमध्ये ‘5000’ भर. तुलना करताना बरोबरची दोन चिन्हे, किंमत भरताना एक. भरताना दोन चिन्हे पडली की नियम गपचूप काहीच करत नाही, आणि ही चूक फार वेळा होते. मग ‘यूदेवएडीएम कंट्रोल --रीलोड’ देऊन मॉडेम काढून पुन्हा लावा.

‘पॉवरटॉप --ऑटो-ट्यून’ हा सोपा रस्ता म्हणून सांगितला जातो. तो सरसकट सगळ्या डिव्हाइसना ऑटोवर टाकतो. त्याच हबवर रिलेचे कार्ड किंवा सेन्सरचा यूएसबी-सिरियल ॲडॅप्टर असेल आणि त्याला झोप मानवत नसेल, तर मॉडेम नीट झोपेल आणि ठिबकचा व्हॉल्व्ह अडकेल. मॉडेमपुरताच नियम लिहा.

झोपला का, आणि किती वेळ

‘पॉवर/रनटाइम_स्टेटस’ मध्ये ‘सस्पेंडेड’ दिसले म्हणजे काम झाले असे नाही. ती फाइल त्या क्षणाचे सांगते. त्याच फोल्डरमधल्या ‘कनेक्टेड_ड्युरेशन’ आणि ‘ॲक्टिव्ह_ड्युरेशन’ वाचा. पहिलीत डिव्हाइस जोडल्यापासूनचे मिलिसेकंद असतात, दुसरीत त्यातले जागेपणाचे. दोन्ही टिपून ठेवा, दहा मिनिटांनी पुन्हा वाचा. पहिली सहा लाखांनी वाढेल. दुसरी पाच लाख ऐंशी हजारांनी वाढली असेल तर मॉडेम 97 टक्के वेळ जागाच होता, स्टेटस काहीही म्हणो. दुसरी साठ हजारांच्या आत राहिली तर झकास.

आकडा मोठा आला तर कोणीतरी त्याला उठवत आहे. कोण, ते शोधण्यात या कामाचा निम्मा वेळ जातो.

जागे कोण ठेवते

पहिला संशयित जीपीएस. मॉडेममधला जीपीएस चालू असेल तर तो दर सेकंदाला टीटीवाययूएसबी1 वर ओळी ओततो, आणि जीपीएसडी किंवा दुसरा कोणी ते पोर्ट उघडून बसला असेल तर झोप अशक्य. पेटी खांबावर पक्की ठोकलेली आहे, तिला दर सेकंदाला आपली जागा कशाला हवी? क्वेक्टेलवर ‘एटी+क्यूजीपीएसएंड’ आणि पुढच्या बूटसाठी ‘एटी+क्यूजीपीएससीएफजी="ऑटोजीपीएस",0’. सिमकॉम 7600 वर ‘एटी+सीजीपीएस=0’.

दुसरा, कोणी न विचारता मॉडेम आपणहून पाठवतो ते संदेश. जुन्या हुआवे डोंगलमध्ये कनेक्शन चालू असताना ‘^डीएसफ्लोआरपीटी’ ही ओळ दर दोन सेकंदांनी येते. ऑटोसस्पेंडचा मूळ डिलेही दोन सेकंदांचाच, त्यामुळे डोंगल कधीच झोपत नाही आणि सेटिंगमध्ये चूकही सापडत नाही. ‘एटी^सीयूआरसी=0’ दिले की हा रतीब बंद होतो.

तिसरा मॉडेममॅनेजर, म्हणजे लिनक्सवर मॉडेमची जोडणी सांभाळणारा प्रोग्राम. तो सिग्नलची ताकद ठरावीक वेळाने विचारतो. आयएनए219 च्या आलेखावर ठरावीक अंतराने एकसारखी टेकडी दिसली की समजावे. स्थिर जागच्या पेटीला एवढ्या चौकशांची गरज नाही. कनेक्शनची स्क्रिप्ट स्वतः लिहिणार असाल तर यूदेवच्या नियमात ‘आयडी_एमएम_डिव्हाइस_इग्नोर’ ला 1 देऊन मॉडेममॅनेजरला या मॉडेमपासून दूर ठेवा आणि ‘क्यूएमआयसीएलआय’ ने जोडणी करा. मॉडेममॅनेजर चालू ठेवूनच एटी आज्ञा द्यायच्या असतील तर लक्षात ठेवा, ‘एमएमसीएलआय’ चा ‘--कमांड’ पर्याय तो डीबग मोडमध्ये चालू असेल तरच चालतो. तपासणीपुरती सेवा थांबवून पिकोकॉम या टर्मिनल प्रोग्रामने टीटीवाययूएसबी2 उघडणे सोपे पडते.

चौथा संशयित तुमचाच सॉफ्टवेअर-पसारा. ‘टीसीपीडंप -आय डब्ल्यूवॅन0’ (डब्ल्यूवॅन0 म्हणजे मॉडेमची नेटवर्क जोडणी) दहा मिनिटे चालू ठेवा आणि बाहेर जाणारे प्रत्येक पॅकेट कोणाचे ते ओळखा. वायरगार्ड या व्हीपीएनमध्ये ‘पर्सिस्टंटकीपअलाइव्ह’ (जोडणी जिवंत ठेवणारे पॅकेट) सर्रास 25 सेकंद लिहिलेले असते. एमक्यूटीटी या संदेश पाठवण्याच्या पद्धतीचा कीपअलाइव्ह बऱ्याच लायब्ररींत 60 सेकंद. सिस्टिमडी-टाइमसिंकडी घड्याळ मिळवायला सुरुवातीला 32 सेकंदांनी विचारतो, पुढे ते अंतर 2048 सेकंदांपर्यंत वाढवतो; पण लिंक सारखी पडत-उठत असेल तर दर वेळी पहिल्यापासून सुरुवात.

याची किंमत यूएसबीच्या झोपेपेक्षा मोठी आहे. एक छोटे पॅकेट गेले तरी टॉवर मॉडेमला लगेच सोडत नाही. कनेक्टेड अवस्थेत आणखी काही सेकंद धरून ठेवतो. ही वेळ नेटवर्क ठरवते, 10 सेकंद ही नेहमी आढळणारी. म्हणजे दर 25 सेकंदांनी एक पॅकेट पाठवणारी पेटी 40 टक्के वेळ रेडिओ तापवत बसते. सेन्सर पाच मिनिटांनी वाचा, पण पाठवा अर्ध्या तासाने एकदम. पाण्याचा दाब अचानक पडला, मोटारीचा फेज गेला, असे इशारे तेवढे लगेच जाऊ द्या.

बाहेरून आलेला आदेश झोपेत मिळतो का

ज्यांना घरून व्हॉल्व्ह उघडायचा आहे त्यांच्यासाठी हा कळीचा मुद्दा. ‘एलएसयूएसबी -व्ही’ मध्ये मॉडेमच्या कॉन्फिगरेशनखाली ‘रिमोट वेकअप’ लिहिलेले असले पाहिजे. टीटीवाय पोर्ट उघडे असेल किंवा डब्ल्यूवॅन0 चालू असेल तेव्हा ड्रायव्हर म्हणतो, ‘मला झोपेतून उठवण्याची सोय हवी’. मॉडेमला ती येत नसेल तर कर्नल सस्पेंडच नाकारते. म्हणून कधी कधी सगळे पोर्ट बंद असताना मॉडेम झोपतो आणि इंटरनेट जोडले की झोपत नाही.

इथे एक गैरसमज घट्ट बसलेला आहे. ‘पॉवर/वेकअप’ फाइलमध्ये ‘डिसेबल्ड’ दिसले की लोक घाईने ‘इनेबल्ड’ करतात. ती फाइल अख्खा संगणक झोपतो तेव्हाची आहे. बोर्ड जागा आणि फक्त मॉडेम झोपलेला, या अवस्थेत रिमोट वेकअप ड्रायव्हरच्या मागणीप्रमाणे आपोआप चालू होतो. लॅपटॉप झोपवून एसएमएसने उठवायचा असेल तर मात्र मॉडेम, मधले हब आणि कंट्रोलर या तिन्ही ठिकाणी इनेबल्ड लागते.

मॉडेमच्या आतली झोप

यूएसबी सस्पेंड झाले, ॲक्टिव्ह_ड्युरेशन थांबली, तरी मीटरवरचा प्रवाह थोडाच उतरला? मग होस्टची बाजू झोपली आहे, मॉडेमचा प्रोसेसर नाही. त्याला वेगळी परवानगी लागते. क्वेक्टेलच्या ईसी2एक्स मालिकेत तीन अटी एकत्र पुऱ्या व्हाव्या लागतात: ‘एटी+क्यूएससीएलके=1’ दिलेले असणे, डीटीआर पिन (होस्टने मॉडेमला जागे राहायला सांगायची) हाय किंवा मोकळी असणे, आणि यूएसबी बस सस्पेंड असणे. सिमकॉम 7600 वर आज्ञा ‘एटी+सीएससीएलके=1’, डीटीआरची अट तशीच. डीटीआरवरच बहुतेकांची गाडी अडते. काही ॲडॅप्टर बोर्डांनी ही पिन ग्राउंडला जोडून टाकलेली असते. आज्ञेला ‘ओके’ येते, झोप मात्र येत नाही. बोर्डाचा नकाशा पाहा, नाहीतर मीटरने डीटीआर आणि ग्राउंडमधले व्होल्टेज मोजा. शून्य आले तर तो ट्रॅक कापावा लागेल. आणि ‘एटी+क्यूएससीएलके=1’ प्रत्येक बूटनंतर पुन्हा द्या, ते आपोआप टिकेल यावर विसंबू नका.

होस्टला रिमोट वेकअप समजत नसेल तर मॉडेमची आरआय (इशाऱ्याची) पिन बोर्डाच्या जीपीआयओ पिनला जोडा. डेटा किंवा एसएमएस आला की ती पिन हलते आणि बोर्ड पोर्टाला उठवतो.

यूएसबी 2.0 च्या नियमाप्रमाणे सस्पेंड झालेल्या डिव्हाइसने बसवरून 2.5 मिलिअँपिअरपेक्षा जास्त घेऊ नये. मॉडेमला टॉवरची हाक ऐकायला ठरावीक वेळाने उठावेच लागते, 1.28 सेकंदाचे चक्र सर्रास असते. त्यामुळे डोंगलने हा नियम काटेकोर पाळावा अशी अपेक्षा ठेवू नका. 15-20 मिलिअँपिअर आले तरी पुष्कळ झाले.

याहून खोल झोपेसाठी पीएसएम (ठरावीक काळ नेटवर्कचे ऐकणेच थांबवणे) आणि ईडीआरएक्स (टॉवरची हाक ऐकण्याचे चक्र लांबवणे) आहेत, पण ती नेटवर्कच्या मर्जीवर. पीएसएम मोबाईल नेटवर्कची मानके ठरवणाऱ्या 3जीपीपीच्या रिलीज 12 मध्ये आले. मागणी अशी करतात: ‘एटी+सीपीएसएमएस=1,,,"00100001","00001010"’. अवतरणातला पहिला आकडा एक तासाने हजेरी, दुसरा 20 सेकंद जागेपण. दोन्हीतले पहिले तीन बिट एकक सांगतात, पण एककांची यादी दोघांची वेगळी: ‘001’ म्हणजे पहिल्यात एक तास, दुसऱ्यात एक मिनिट, ‘000’ म्हणजे पहिल्यात दहा मिनिटे, दुसऱ्यात दोन सेकंद. मागितले ते मिळाले का हे ‘एटी+सीईआरईजी=4’ देऊन मग ‘एटी+सीईआरईजी?’ ने पाहा. पीएसएममध्ये असताना बाहेरचा आदेश पोचत नाही, हेही ध्यानात ठेवा. साध्या फोर-जी डेटा मॉड्यूलवर या गोष्टीच्या भरवशावर बॅटरीचा हिशोब बांधू नये.

झोपवायचा की वीजच तोडायची

बाहेरून आदेश नको असतील तर वीज तोडणे अनेकदा स्वस्त पडते. पुन्हा आकडेमोड: मॉडेम चालू होऊन नेटवर्कवर नोंदणीला 30 सेकंद घेतो आणि त्या काळात सरासरी 1.5 वॅट खातो असे धरा. 45 ज्यूल झाले. झोपलेला मॉडेम 0.1 वॅट घेतो, म्हणजे तेवढीच ऊर्जा साडेसात मिनिटांत. पाठवण्यातले अंतर याहून मोठे असेल तर वीज तोडा. पण हेच धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरात, जिथे नोंदणीला दोन मिनिटे लागतात, तिथे 180 ज्यूल होतात आणि बरोबरीची रेषा अर्ध्या तासावर जाते. म्हणजे सपाटीवर जमलेली सेटिंग सातपुड्यात उचलून नेऊ नका.

मधला मार्ग ‘एटी+सीएफयूएन=4’. रेडिओ बंद, यूएसबी जोडलेली, पोर्टांचे क्रमांक जागच्या जागी. काम असेल तेव्हा ‘एटी+सीएफयूएन=1’. पूर्ण तोडायचे असेल तर मॉडेमच्या 5 व्होल्टच्या तारेत मॉसफेटचा लोड स्विच (वीज तोडणारे इलेक्ट्रॉनिक बटण) घाला. हबमधून पोर्टनिहाय वीज तोडायचे सॉफ्टवेअर आहे, पण ती सोय खरोखर असलेले हब थोडेच. बाकीच्यांत आज्ञा चालते, दिवाही विझतो, वीज मात्र चालूच. तोडण्याआधी क्वेक्टेलवर ‘एटी+क्यूपीओडब्ल्यूडी’ देऊन मॉडेमला नेटवर्कचा निरोप घेऊ द्या.

सिग्नल कमी असेल तर

कमी सिग्नलमध्ये कोणतीच सेटिंग फारशी वाचवत नाही, कारण मॉडेम टॉवरपर्यंत पोचायला पूर्ण ताकद लावतो. ‘एटी+सीएसक्यू’ चा पहिला आकडा दुप्पट करून त्यातून 113 वजा करा. 10 आला तर उणे 93 डीबीएम. फोर-जीसाठी ‘एटी+क्यूईएनजी="सर्व्हिंगसेल"’ मधला आरएसआरपी (फोर-जी सिग्नलच्या ताकदीचा आकडा) जास्त खरा. उणे 100 च्या वर असेल तर निवांत, उणे 115 च्या खाली गेला तर आधी अँटेना.

केळीच्या बागेत ही गोष्ट वर्षभर एकसारखी राहत नाही. लागवडीच्या वेळी पेटीला उघडे आकाश असते. बाग निसवायला आली की पाण्याने भरलेल्या पानांचा मांडव अँटेनावर येतो, आणि पाऊस पडून पाने ओली झाली की सिग्नल आणखी खाली. म्हणून मोजणी मृग बागेत जूनला नाही, पुढच्या पावसाळ्यात वाढलेल्या पानांत करा, आणि अँटेना पानांच्या वर जाईल असा चार-पाच मीटरचा खांब पहिल्यापासून उभारा. खाली पेटी, वर अँटेना आणि मध्ये बारीक आरजी-174 केबल असेल तर 2300 मेगाहर्ट्झच्या बँडवर पाच मीटरमध्ये 8 डेसिबलच्या आसपास सिग्नल केबलमध्येच जिरतो. एलएमआर-200 वापरा, तेवढ्याच लांबीत 3 डेसिबलच्या आत काम होते.

टू-जी आणि फोर-जीमध्ये सारखी उडी मारणारा मॉडेम असेल आणि फोर-जी कमी का होईना पण कायम मिळत असेल, तर ईसी25 वर ‘एटी+क्यूसीएफजी="एनडब्ल्यूस्कॅनमोड",3’ देऊन फोर-जीवरच बांधा. शोधाशोधीची वीज वाचते आणि 2 अँपिअरचे झटके थांबतात.

काय बिघडते

कर्नलच्या नोंदीत ‘रिसेट हाय-स्पीड यूएसबी डिव्हाइस’ किंवा उणे 71, उणे 110 च्या चुका दिसल्या की सगळे सस्पेंडला धरतात. आधी वीज तपासा. झोपेतून उठताना मॉडेम एकदम प्रवाह ओढतो. लांब बारीक यूएसबी केबल आणि 500 मिलिअँपिअरचे पोर्ट असेल तर व्होल्टेज बसते. मॉडेमजवळ 5 व्होल्टवर 470 ते 1000 मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर लावून, आखूड केबलने पुन्हा पाहा. तरीही होत असेल तर तात्पुरते कंट्रोल ‘ऑन’ करा. चुका थांबल्या तरच दोष सस्पेंडचा. अशा मॉडेमसाठी बूटच्या ओळीत ‘यूएसबीकोर.क्वर्क्स=’ पुढे व्हेंडर:प्रॉडक्ट:बी देता येते; मग कर्नल उठवताना त्याला रिसेट करते.

रिसेटनंतर टीटीवाययूएसबी2 चे टीटीवाययूएसबी4 झाले आणि स्क्रिप्ट मेली, हे नेहमीचे. जुने पोर्ट कोणीतरी उघडे धरून ठेवलेले असते म्हणून नवा क्रमांक मिळतो. स्क्रिप्टमध्ये क्रमांक लिहूच नका. ‘/देव/सिरियल/बाय-आयडी’ मधले नाव वापरा.

उन्हाळ्यात दुपारीच मॉडेम पडत असेल आणि रात्री ठीक चालत असेल तर ड्रायव्हर सोडा, पेटीचे तापमान पाहा. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा 45 च्या पुढे जातो. उन्हातली बंद काळी पेटी त्याहून पुष्कळ तापते. ईसी25 चे नेहमीचे कामाचे तापमान 75 अंशांपर्यंत आहे. पांढरी पेटी, मोटारीच्या खोलीची उत्तरेकडची भिंत, खालून हवा. बॅटरीही त्यातच असेल तर तिच्यासाठी तर हे जास्तच गरजेचे.

विंडोज लॅपटॉपवर डोंगल वापरणाऱ्यांची तक्रार उलटी असते: थोडा वेळ काम थांबले की नेट जाते. पॉवर ऑप्शन्समध्ये यूएसबी सेटिंग्जखाली ‘सिलेक्टिव्ह सस्पेंड’ बंद करा, आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये डोंगलच्या व त्याच्या हबच्या पॉवर मॅनेजमेंट टॅबमधली संगणकाला वीज बंद करू देण्याची खूण काढा. सेवा केंद्रात लॅपटॉप भिंतीतल्या विजेवरच चालतो, तिथे ही बचत नकोच.

शेवटी वॉचडॉग, म्हणजे संपर्क तुटला की आपोआप उपाय करणारी स्क्रिप्ट, कारण पेटी गावापासून पाच किलोमीटरवर असते. तीन वेळा लागोपाठ सर्व्हरशी संपर्क झाला नाही तर आधी ‘एटी+सीएफयूएन=1,1’ देऊन मॉडेम रिसेट करा; पाच मिनिटांत सुधारणा नसेल तर लोड स्विचने दहा सेकंद वीज तोडा; आणि हे तासात एकदाच होईल अशी मर्यादा घाला. मर्यादा नसेल तर टॉवरच बंद पडलेल्या रात्री वॉचडॉग मॉडेमला पहाटेपर्यंत पाडत-उठवत बसतो आणि सकाळी बॅटरी रिकामी मिळते.